जुन्या जीपचा पुढचा एक्सल: ४.८८ आणि ५.३८ चा गुंता कुठनं आला

साताऱ्या-सांगलीकडं जुन्या फोर बाय फोर (चारी चाकांना ताकद जाणाऱ्या) जीपा बाळगणारी मंडळी बरीच आहेत, कुणाची आजोबांच्या वेळची, कुणी मिलिटरीच्या लिलावातली घेतलेली, कुणाची वडापात आयुष्य काढून आता शेतावर उभी, आणि ह्या सगळ्यांना कधी ना कधी एक प्रश्न पडतोच की पुढचा एक्सल गेलाय, दुसरा कुठला बसेल? सगळे पहिलं विचारतात मजबूत कुठला. माझं म्हणणं, आधी विचारायचं ते मागच्याशी जुळतो का, आणि का जुळत नाही हे समजायला जरा मागं जावं लागतं.

मागचा एक्सल तसा सोपा, सरळ शाफ्ट, चाकाला फक्त फिरायचंय. पुढच्या चाकाला ओढायचंय पण आणि वळायचंय पण, सगळी गोम तिथं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावात ओटो झॅको आणि विल्यम बेसरडिच हे मेव्हणे मशीन शॉप चालवायचे, त्यांनी १९०८ ला ह्याचं पेटंट घेतलं, चाकाजवळ एक पोकळ गोळा आणि त्याच्या पोटात जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी आतला शाफ्ट फिरत राहतो. आपल्या जुन्या जीपला चाकामागं जो अर्धगोल नकल दिसतो ना, ग्रीस गळून ज्याच्यावर कायम धूळ बसलेली असते, तो त्याच जातीचा.

पण साधा क्रॉस जॉइंट वळणावर एकसारखा फिरत नाही, एका फेरीत दोनदा जोरात दोनदा हळू, आणि तो हिसका थेट स्टिअरिंगवर येतो. त्यामुळं १९२० च्या दशकात एकसारख्या वेगाचे जॉइंट निघाले, अमेरिकेत वाइसचा, जो पुढं बेंडिक्सच्या नावानं चालला, आणि फोर्डमध्ये इंजिनिअर असलेल्या आल्फ्रेड झेप्पाचा सहा गोळ्यांचा, तिकडं फ्रान्समध्ये ग्रेगुआर आणि फनाय यांचा ट्रॅक्टा, ज्यात गोळ्याच नाहीत. मग महायुद्ध आलं, जीपा लाखांनी लागल्या, एकट्या कुणाला तेवढे जॉइंट पुरवता येईनात म्हणून विलीज आणि फोर्डच्या जीपांत हे तिन्ही प्रकार पडले. म्हणून आजही नकल उघडल्याशिवाय आत काय निघेल सांगता येत नाही, शाफ्ट आधी विकत घेऊन मग नकल खोलणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता रेशोचं, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रॉपलर (इंजिनकडची ताकद एक्सलला आणणारा लांब शाफ्ट) किती वेळा फिरतो त्याचं. युद्धातल्या जीपला पुढं स्पायसरचा २५ नंबरचा एक्सल होता (स्पायसर कंपनीचंच नाव १९४६ ला डाना झालं, म्हणून काहीजण डाना २५ म्हणतात) आणि रेशो ४.८८, म्हणजे क्राऊनला (एक्सलमधला मोठा गिअर) ३९ दात, पिनियनला (त्याला फिरवणारा लहान गिअर) ८. युद्ध संपत आलं तशी विलीजनं १९४५ ला सीजे-२ए काढली, ती शेतकऱ्यासाठी, नांगर ओढायला, पट्ट्यावर मशीन फिरवायला, तर तिला जोर जास्त पाहिजे म्हणून क्राऊन ४३ दातांचा केला, पिनियन तोच ८ चा, रेशो ५.३८. बाहेरनं हौसिंग बघितलं तर दोन्ही सारखेच! आमच्याकडच्या निम्म्या भानगडींचं मूळ हे एवढंच आहे, सैनिकाची जीप ४.८८ आणि शेतकऱ्याची ५.३८.

भारतात महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली, पुढं उंच बॉनेटची सीजे-३बी इथं वर्षानुवर्षं निघत राहिली, तीही मूळची ५.३८ चीच. ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली, प्यूजोचं डिझेल बसलं, आणि डिझेलच्या जीपांना रेशो आणखी वेगळे लागले. शिवाय लष्कराकडं जबलपूरला बनलेली निसानची जोंगा, तिचा एक्सल पूर्ण वेगळ्या घराण्यातला. हे सगळं भंगारात एकाच ढिगाऱ्यात येऊन पडतं आणि विकणारा म्हणतो, "जीपचाच आहे, बसतोय."

मला असाच एक बसला. पाट्यांवर बसला, यू बोल्ट बसले, प्रॉपलर जुळला, ब्रेकची पाइप पण. कासच्या लाल चिखलात गाडी छान चालली कारण चिखलात चाकं घसरतात आणि फरक खपून जातो. उतरताना यवतेश्वरच्या घाटात डांबर लागलं, फोर बाय फोर काढायचं राहिलं होतं, स्टिअरिंग जड झालं, टायर कुईं कुईं करायला लागले आणि लिव्हर काही केल्या सुटेना. शेजारच्या रिटायर्ड सुभेदार काकांनी आयुष्यभर मिलिटरीच्या गाड्या सांभाळलेल्या, ते बघून एवढंच म्हणाले, "पोरा, दात मोजलेस का?"

गिअर न्यूट्रल, फोर बाय फोर बाहेर, पुढचं एकच चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर घट्ट. टायरला खडूची रेघ, प्रॉपलरला खडूची रेघ. काकांनी चाक हातानं बरोबर दोन फेऱ्या फिरवलं आणि मी खाली झोपून प्रॉपलर मोजला. दोन का, तर दुसरं चाक थांबलेलं असताना डिफ्रन्शियलमुळं (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळं फिरू देणारे एक्सलमधले गिअर) चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनची एक होते. प्रॉपलर पाचाला थोडासा कमी पडला. मागं तेच केलं तर पाच पूर्ण होऊन वर तिसरा हिस्सा. पुढं ४.८८, मागं ५.३८. म्हणजे मागचं चाक १० वेळा फिरेपर्यंत पुढच्याला ११ वेळा फिरायचं असतं, पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफ्रन्शियल नाही, मग तो पीळ जातो कुठं, शाफ्टमध्ये, टायरमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी). शेवटी क्राऊन-पिनियनचा ४३-८ चा जोड शोधून पुढं टाकला.

बाजू पण बघावी लागते. जीपचा ट्रान्सफर केस पुढचा प्रॉपलर उजवीकडनं काढतो म्हणून डिफ्रन्शियलचा फुगवटा उजवीकडं. अमेरिकेत पिकअपचे एक्सल बदलणारे ह्याच्यावरच अडतात, सत्तरच्या दशकातल्या फोर्डचा फुगवटा डावीकडं, शेव्हरोलेचा उजवीकडं, एक्सल कितीही दणकट असला तरी उलट्या बाजूचा घेतला की ट्रान्सफर केसपासनं सगळं बदलत जावं लागतं.

पुढचा एक्सल विनाकारण फिरत राहू नये म्हणून आर्थर वॉर्ननं १९४८ ला सिअ‍ॅटलमध्ये जीपसाठी लॉकिंग हब (चाक एक्सलच्या शाफ्टपासनं मोकळं करता येणारे) काढले, ते आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना नंतर बसवलेले दिसतात. पण हब मोकळे आहेत म्हणून रेशोचा फरक चालवून घेणारे मी बघितलेत, ते मला अजिबात पटत नाही, गरज पडेल तेव्हाच तो एक्सल दगा देणार. आणि फोर बाय टूच्या (फक्त मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या) महिंद्रा कमांडरला पुढं ताकद देणारा एक्सल घालून फोर बाय फोर करणाऱ्यांनी आधी आरटीओत विचारावं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे बदल येतात.

एक्सल बघायला जाल तेव्हा खडू आणि जॅक बरोबर ठेवा. सुटा पडलेला असेल तर कव्हरचे बोल्ट काढायला सांगा, क्राऊनच्या एका दाताला खडू लावा आणि पूर्ण फेरीतले दात मोजा, पिनियनचे पण. दुकानदार घाई करतो, पण मोजायला पाच मिनिटं लागतात.