गूळ-ताक ओतलं तरी टाकी उपसावीच लागते

‘सेप्टिक टँकमध्ये दर महिन्याला गूळ, ताक नाहीतर शेण टाका, टाकी कधीच उपसावी लागणार नाही’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. विरजणाने दूध बदलतं, तसंच इथेही होईल, असं वाटणं साहजिक आहे.

पण मैला कुजवणारे जिवाणू मैल्यातूनच रोज टाकीत येतात. त्यांना विरजण लागत नाही. शिवाय ते सगळंच पचवू शकत नाहीत. न कुजणारा भाग, माती आणि राख तळाशी साचते. गाळ वाढला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही, घाण शोषखड्ड्यात जाते आणि जवळ विहीर असेल तर तिच्यापर्यंतही पोचू शकते.

खात्री करायची तर झाकण उघडून थोडा वेळ लांब थांबा. मग लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून ती तळापर्यंत सोडा, काही मिनिटांनी सावकाश काढा. काळा डाग एकूण खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आला असेल तर मैला उपसणारी गाडी बोलवा. साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते.

आत वाकू नका, काडी पेटवू नका. माणूस आत उतरवणारा ठेकेदार तर मुळीच नको: आतल्या वायूने क्षणात जीव जाऊ शकतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे.