१:१६ आणि १:६ : रिमोटवरचे दोन रणगाडे आणि त्यांच्या वजनाचं गणित

रिमोटवर चालणाऱ्या मोठ्या रणगाड्यांकडे वळलेल्या माणसाचा पहिला गोंधळ आकड्यांवरून होतो. १:१६ आणि १:६, म्हणजे खऱ्याच्या लांबीचा सोळावा आणि सहावा हिस्सा. लिहिताना एका अंकाचा फरक, आणि सोळा सहापेक्षा मोठे म्हणून १:१६चं मॉडेल मोठं, असा उलटा समजही हमखास होतो. त्यात दोन्हींना 'मोठ्या स्केलचे' म्हणतात. दोन्हींचा टरेट (तोफेचा वरचा मनोरा) फिरतो, तोफ वरखाली होते, इंजिनाचा आवाज येतो. फोटोत तर शेजारी माणूस उभा नसेल तर कोणता कोणता हे सांगता येत नाही. आणि म्हणूनच एकाचे सल्ले दुसऱ्याला लावून पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात.

जर्मन टायगर १ घेऊ, कारण तो दोन्ही स्केलमध्ये भरपूर बनतो. खरा टायगर तोफ पुढे धरून ८.४५ मीटर लांब, साडेतीन मीटरहून थोडा जास्त रुंद, तीन मीटर उंच आणि ५७ टनांचा. एकास सोळामध्ये तो ५३ सेंटीमीटर लांब होतो, टेबलावर मावतो, काखोटीला मारून नेता येतो. एकास सहामध्ये तोच १४१ सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच. त्यावर लहान मूल बसवून फिरवता येतं, आणि लोक फिरवतातही. शिपायांचे पुतळे घ्यायचे तर पहिल्याला सुमारे ११ सेंटीमीटरचे लागतात, दुसऱ्याला ३० सेंटीमीटरचे.

लांबीत फरक पावणेतीन पटींच्याही आतला. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही त्याच पटीत वाढतात, त्यामुळे आकारमान जवळजवळ १९ पट होतं. खरी गोम इथे आहे. ५७ टनांना सोळाच्या घनाने भागलं तर १४ किलो येतात. सहाच्या घनाने भागलं तर २६४. प्रत्यक्षात मॉडेलं इतकी जड नसतात, कारण आत इंजिन, दारूगोळा, जाड चिलखत काहीच नसतं. एकास सोळाचा प्लॅस्टिकचा टायगर तीन-चार किलोंत बसतो; धातूचे पट्टे (ज्यांवर रणगाडा चालतो ते), चाकं आणि गिअरबॉक्स घातले की आणखी दोन-तीन किलो चढतात. एकास सहाचा पूर्ण धातूचा टायगर शंभर किलोंच्या घरात जातो. एक दोन हातांनी उचलायचा, दुसऱ्याला फळीचा उतार आणि माणसं लागतात. या एका फरकातून बाकीचं सगळं निघतं: कसा बांधायचा, कुठे चालवायचा आणि कॅमेऱ्यासमोर कसा धरायचा.

बांधणीत १:१६ म्हणजे जुळवणी. तामिया कंपनी किट देते, हेंग लाँग कंपनी तयार चालता रणगाडा देते, आणि सुट्या भागांचा बाजार एवढा मोठा आहे की हवं ते मिळतं. साधारण सात व्होल्टची बॅटरी, दोन छोट्या मोटरी, प्रत्येक पट्ट्याला एक. वळण्यासाठी वेगळी यंत्रणा नाही. एक मोटर मंद केली की त्या बाजूला गाडी वळते, दोन्ही उलटसुलट फिरवल्या की जागच्या जागी गिरकी. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पट्टा धातूचा आणि त्याला ओढणारं दातेरी चाक प्लॅस्टिकचं. धातूचा पट्टा ते दात खाऊन टाकतो. मग चाक बदलतात, तेव्हा ताण गिअरबॉक्सवर जातो. प्लॅस्टिकची चॅसी (खालचा सांगाडा) थोडी वाकते, गिअर एकमेकांवरून निसटतात आणि आतून कटकट ऐकू येते. म्हणून सुधारणा करायची तर पट्टा, दातेरी चाक, मागचं, पट्टा ताणून धरणारं ताणचाक आणि गिअरबॉक्स एकदमच. निम्मंच काम करायचं असेल तर मूळचं प्लॅस्टिकच बरं, ते निदान हलकं असतं.

१:६ला मात्र घरात छोटं वर्कशॉप लागतं. आर्मोर्टेकसारख्या कंपनीची किटं आहेत, पण त्यांतही ॲल्युमिनियमचे आणि पोलादाचे भाग, शेकडो बोल्ट, आणि कानस घेऊन बसण्याची सवय गृहीत धरलेली असते. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून चोवीस व्होल्ट करतात. स्वतः डोकं लढवणारे लोक मोटरी बहुतेक अपंगांच्या विजेच्या खुर्चीतल्या घेतात, कारण माणसाचं वजन मंद गतीत ओढण्यासाठीच त्या केलेल्या असतात. सरळ जाताना त्यांना फार त्रास नसतो. गवतावर जागच्या जागी वळताना मात्र दोन्ही पट्टे आडवे घासतात आणि विजेचा प्रवाह अचानक चढतो. मोटरींना वीज पुरवणारा कंट्रोलर निवडताना तोच क्षण धरायचा, सरळ चालीचा नव्हे. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि बाहेरून हात घालून बंद करता येईल असा मोठा स्विच, या दोन गोष्टींत काटकसर नको.

पट्ट्याकडे जरा जवळून पाहू. खऱ्या टायगरच्या प्रत्येक पट्ट्यात ९६ कड्या, प्रत्येक कडी ७२५ मिलिमीटर रुंद. एकास सोळामध्ये ती ४५ मिलिमीटरची होते, दोन बोटांत धरायची. एकास सहामध्ये १२ सेंटीमीटरची, तळहातापेक्षा रुंद, आणि तशा १९२. नवा धातूचा पट्टा पहिल्या काही फेऱ्यांतच सैल पडतो, कारण प्रत्येक पिन आपल्या भोकात बसते, आणि केसभर झीज ९६ ठिकाणी जमली की वरचा पट्टा चाकांवर लोंबायला लागतो. आधी मागचं ताणचाक सरकवायचं. ते सरकायचं संपलं की एक कडी काढायची. टायगरची चाकं एकमेकांत गुंतलेली असल्याने खडा अडकला तर आतलं चाक सोडवायला बाहेरची काढावी लागतात. खऱ्या टायगरमधल्या सैनिकांनाही हाच जाच होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

आता चित्रीकरण. इथे बहुतेकांची समजूत अशी की मोठं मॉडेल म्हणजे चांगला व्हिडिओ. कॅमेऱ्याला आकार कळत नाही. त्याला हालचाल कळते, आणि हालचालीत वजन लपत नाही. खऱ्या टायगरच्या छतावरून, म्हणजे तीन मीटरवरून, मातीचं ढेकूळ पडलं तर जमिनीवर यायला साधारण ०.७८ सेकंद लागतात. एकास सहाच्या छतावरून ०.३२ सेकंद, एकास सोळाच्या छतावरून ०.२. डोळा हे मोजत नाही, पण 'खेळणं आहे' हे लगेच ओळखतो. यावर उपाय सेकंदाला जास्त फ्रेमनी (चित्रांनी) चित्रित करून हळू दाखवण्याचा, आणि किती हळू याचं गणित साधं आहे : स्केलचं वर्गमूळ. सोळाचं चार, सहाचं २.४५. म्हणजे २४ फ्रेमच्या व्हिडिओसाठी १:१६ चित्रित करायचा ९६ फ्रेमवर आणि १:६ सुमारे ५९वर. मोबाइलमधला ६० फ्रेमचा पर्याय १:६ला जवळजवळ मापाचाच निघतो. १:१६साठी १००-१२०वर जावं लागतं, आणि तिथे प्रकाश लागतो भरपूर. घरातल्या एलईडी दिव्यांखाली इतक्या फ्रेमवर चित्र लुकलुकायला लागतं, म्हणून ऊनच बरं.

हळू दाखवायचं म्हणजे रणगाडा त्या हिशेबाने जोरात हाकावा लागतो, ही पुढची पायरी बरेच जण विसरतात. खरा टायगर शेतातून ताशी २० किलोमीटरने जातोय असं दाखवायचं असेल तर १:१६ ताशी ५ किलोमीटरने चालवायचा, १:६ ताशी ८ किलोमीटरने. हेच चित्रण नेहमीच्या २४ फ्रेमवर केलं तर वेग अनुक्रमे सव्वा आणि सव्वातीन किलोमीटर ठेवावा लागेल. सपाट रस्त्यावर ही मंद चाल खपून जाते. धूळ, चिखल आणि खाचखळगे आले की खपत नाही.

आणि इथेच लहान मॉडेलचं घोडं पेंड खातं. पाच किलोचा टायगर ताशी ५ किलोमीटरने खडबडीत जमिनीवर नेला की तो उड्या मारतो. स्प्रिंगा त्याच्या वजनाने दबतच नाहीत, चाकं चॅसीला चिकटल्यासारखी एकत्र वरखाली होतात. जमिनीवरचा दाब काढून पाहा : पाच किलोच्या टायगरचा प्रत्येक चौरस सेंटीमीटरला २५ ग्रॅमच्या आसपास, शंभर किलोच्या १:६चा ७० ग्रॅमच्या आसपास. खऱ्याचा किलोभर असतो. म्हणून १:६ ओल्या मातीत स्पष्ट ठसा सोडून जातो आणि १:१६ नुसता ओरखडा काढतो. उपाय आहे. चॅसीच्या तळाशी शिशाचे तुकडे, शक्य तितके खाली, आणि त्या वजनाला दबतील अशा मऊ स्प्रिंगा. वजन टरेटमध्ये कधी भरू नये. डोकं जड झालं की प्रत्येक ब्रेकला रणगाडा नाकावर झुकतो.

कॅमेऱ्याची उंचीही स्केलमध्येच हवी. उभ्या माणसाचे डोळे १:१६च्या जगात जमिनीपासून १० सेंटीमीटरवर असतात, १:६च्या जगात २७वर. त्याहून वरून घेतलेलं चित्र म्हणजे खेळण्याकडे वाकून पाहणारा माणूस. १:१६ला इतक्या जवळून घेताना पुढची तोफ स्पष्ट आणि मागचा इंजिनाचा भाग धूसर होतो, आणि ती धूसरताच लहानपण उघडं पाडते. मोठ्या कॅमेऱ्यावर भिंगाचं छिद्र एफ ११ किंवा १६पर्यंत लहान करावं लागतं. मोबाइलचा छोटा सेन्सर इथे उलट फायद्याचा ठरतो.

जमीन निवडताना तीच पट. पाच सेंटीमीटरचं गवत १:१६ला जवळजवळ कमरेएवढं, १:६ला गुडघ्याच्याही खाली. दोन सेंटीमीटरचा खडा एकाला धोंडा, दुसऱ्याला दगड. म्हणून १:१६साठी चाळलेली माती आणि शेवाळ घेऊन दोन-तीन मीटरचा सेट उभारणं परवडतं; १:६ बाहेरच्या साध्या जमिनीवर चालून जातो. पाणी मात्र दोघांनाही फसवतं. थेंब लहान होत नाही, त्यामुळे ओढा ओलांडतानाचे शिंतोडे १:६लाही जरा मोठेच दिसतात, आणि १:१६ला तर क्रिकेटच्या चेंडूएवढे.

दोन्ही जवळ असतील तर एक जुनी युक्ती करून पाहण्यासारखी आहे. १:६ पुढे ठेवायचा आणि १:१६ मागे. दहा मीटरवरचा १:१६ कॅमेऱ्याला जवळजवळ २७ मीटरवरच्या १:६एवढा दिसतो, म्हणजे छोट्या अंगणात मोठं रणांगण मिळतं. फ्रेमचं गणित मात्र पुढच्याचं धरायचं आणि मागच्याला फार हलवायचं नाही. हळूहळू टरेट फिरवला तरी पुरे.

तोफांचा खेळही वेगळा. १:१६मध्ये काही मॉडेलं ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या मारतात, काहींत इन्फ्रारेडने 'मारलं' असं कळतं. टायगरची ८८ मिलिमीटरची तोफ १६ने भागली तर साडेपाच येते, त्यामुळे ती गोळी नळीला जवळपास मापाची. १:६च्या लढायांत पेंटबॉल वापरतात, सुमारे १७ मिलिमीटरचे. कॅमेऱ्यासाठी दोन्ही निरुपयोगी; तिथे नळीच्या टोकाला एक तेजस्वी एलईडी, मागे सरकणारी नळी आणि आवाज नंतर जोडलेला, एवढं बास.

शेवटचा फरक सुरक्षिततेचा. सिग्नल तुटला तर १:१६ भिंतीला धडकून थांबतो. शंभर किलोचा १:६ कॅमेरा धरून जमिनीवर आडव्या झालेल्या माणसावर येऊ शकतो, आणि खालून चित्र घ्यायचं म्हणजे कोणीतरी आडवा झालेला असतोच. रणगाड्यातल्या रिसीव्हरमध्ये (सिग्नल घेणाऱ्या भागात) सिग्नल गेल्यावर दोन्ही मोटरी शून्यावर येतील असं सेट करायचं असतं, आणि ते तपासायचं रणगाडा ठोकळ्यांवर चढवून, पट्टे अधांतरी फिरत असताना हातातला ट्रान्समीटर बंद करून. पट्टे लगेच थांबले पाहिजेत. ही चाचणी चित्रीकरणाच्या दिवशी पुन्हा करायची, आणि ट्रान्समीटर किंवा रिसीव्हरच्या सेटिंगला हात लावला असेल तर नक्कीच.