कुस्ती पक्की असली की पुरे, हा जुना गैरसमज

जळगाव-धुळ्याकडच्या तालमींत आणि यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलींत एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते: एकच विद्या पक्की असावी, मग ठोसे, लाथा, पकड सारे काही चालणाऱ्या मिश्र मार्शल आर्टच्या पिंजऱ्यातही समोर कोणी टिकत नाही. पुरावा म्हणून 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हरला झालेली यूएफसी ही मिश्र मार्शल आर्टची पहिली स्पर्धा सांगितली जाते. ती सडपातळ बांध्याच्या रॉयस ग्रेसीने ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवर पकड घेऊन गळा आवळण्याच्या व सांधे पिळण्याच्या विद्येच्या बळावर जिंकली होती. घटना खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. ग्रेसीची जमिनीवरची लढत तेव्हा बहुतेक प्रतिस्पर्ध्यांना अनोळखी होती; ती सर्वांनी शिकून घेतल्यावर तो फायदा ओसरला. पुढे जुलै 1997 मध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथने जमिनीवरचा बचाव शिकून घेऊन हेवीवेट विजेता कुस्तीगीर मार्क कोलमन याला दमवले आणि पंचांच्या निर्णयाने हरवले.

आपल्या मातीतल्या पैलवानाने एक बारकावा आवर्जून समजून घ्यावा. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, म्हणून संकटात पोटावर वळण्याची सवय अंगात भिनलेली असते. पिंजऱ्यात मात्र प्रतिस्पर्धी मागून गळा आवळू शकतो, म्हणून पाठ देणे म्हणजे गळा देणे होय. डोके खाली घालून पट काढताना, म्हणजे पाय धरून पाडताना, मान प्रतिस्पर्ध्याच्या काखेत सापडते, तोही धोका आहेच. याचा अर्थ कुस्ती टाकाऊ आहे असा मुळीच नाही. माझ्या मते तिच्याइतका भक्कम पाया दुसरा नाही. परंतु आजचे खेळाडू ठोसे, लाथा, पकड आणि गळा आवळण्याचे डाव सुरुवातीपासून एकत्रच शिकतात, आणि एका प्रकारातून दुसऱ्यात शिरण्याच्या क्षणाचाही स्वतंत्र सराव करतात.