हुकूमशाहीवाचक इंग्रजी शब्द आणि त्यांच्या अर्थच्छटा

लोकांच्या संमतीवाचून चालणाऱ्या राजवटीला मराठीत सरसकट हुकूमशाही म्हणतात. इंग्रजीत तिच्यासाठी टिरनी, डेस्पॉटिझम, ऑटोक्रसी, डिक्टेटरशिप, ऑथॉरिटेरियन आणि टोटॅलिटेरियन असे निरनिराळे शब्द आहेत. भाषांतर करताना या सगळ्यांवर एकच शिक्का मारला जातो, आणि तिथे मोठे नुकसान होते. सत्ता मिळाली कशी, ती कोणासाठी राबवली, तिला कोणी अडवू शकते का, आणि ती माणसाच्या घरात कुठवर शिरते, हे चार वेगळे प्रश्न आहेत. या शब्दांपैकी प्रत्येकाचा भर त्यांतल्या कुठल्या तरी एका प्रश्नावर असतो.

डिक्टेटर. या शब्दाइतके अर्थांतर क्वचितच कुठल्या शब्दाच्या वाट्याला आले असेल. प्राचीन रोममध्ये ते कायदेशीर पद होते. राज्यावर संकट आले की कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च निर्वाचित अधिकारी, एकाची नेमणूक करी, आणि मुदत जास्तीत जास्त सहा महिने. इ. स. पू. ४५८ मध्ये सिन्सिनाटसला बोलवायला निरोप्ये गेले तेव्हा तो शेतात काम करत होता. त्याने बायकोकडून अंगावरचे वस्त्र मागवले, धूळ-घाम पुसला आणि पद स्वीकारले. शत्रूचा पराभव करून सोळाव्या दिवशी ते सोडले आणि तो शेतावर परतला. कथेत दंतकथेचा अंश असेल, पण रोमन लोक डिक्टेटरकडून काय अपेक्षा करत ते तीतून कळते. इ. स. पू. ८२ मध्ये सुल्ला या सेनापतीने मुदतीविना हे पद घेतले. इ. स. पू. ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला आणि काही आठवड्यांतच मारला गेला. त्यानंतर पदच रद्द झाले. तरीही १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीने सिसिलीत हीच पदवी उघडपणे मिरवली. शब्दाला आजचा काळिमा लागला तो प्रामुख्याने विसाव्या शतकात.

‘या देशाला दहा वर्षं हुकूमशहाच पाहिजे’ असे आपल्याकडे घरोघरी बोलले जाते. बोलणाऱ्याच्या मनात मुदतीनंतर घरी जाणारा सिन्सिनाटस असतो. पण मुदत संपल्यावर त्याला घरी पाठवणार कोण? खुद्द रोमलाही ते जमले नाही. भारतात १९७५ ची आणीबाणी संसदेच्या एकदाच्या मंजुरीवर लांबत गेली. म्हणून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने दर सहा महिन्यांनी नव्याने मंजुरी घेण्याची अट घातली. मुदत तीच, रोमन डिक्टेटरची!

टायरंट. मूळ ग्रीक शब्दात शिवी नव्हती. वारसाहक्क नसताना सत्ता बळकावणारा, एवढाच अर्थ. अथेन्सचा पायसिस्ट्रॅटस असाच सत्तेवर आला, पण त्याचा कारभार सौम्य होता अशी नोंद आहे. पुढे ॲरिस्टॉटलने कसोटी बदलली: राजा प्रजेचे हित पाहतो, टायरंट स्वतःचे. मराठी ‘जुलमी’ला फक्त छळ दिसतो, ही स्वार्थाची बाजू निसटते.

डेस्पॉट. ग्रीकमध्ये घरधनी, गुलामांचा मालक. डेस्पॉटच्या राज्यात प्रजेचे स्थान घरातल्या गुलामाचे. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ मध्ये भीती हा अशा राज्याचा प्राण ठरवला आणि उदाहरणे मुख्यतः पूर्वेकडची दिली. हा शब्द आपण विशेष सावधपणे वापरायला हवा. पूर्वेला डेस्पॉटच असतात, म्हणून तिथे इंग्रजी राज्य ही सुधारणाच, असा युक्तिवाद त्यावर उभा राहिला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल ३५ वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. स्वातंत्र्यावरच्या १८५९ च्या ग्रंथातच त्याने लिहिले की रानटी लोकांची सुधारणा हा हेतू असेल तर त्यांच्यावर डेस्पॉटिझम चालवणे न्याय्य आहे. स्वातंत्र्याच्या एवढ्या मोठ्या पुरस्कर्त्याने आपल्याला त्यातून वगळले, हे वाचताना आजही लागते.

ऑटोक्रॅट म्हणजे स्वयंसत्ताधीश, वर कोणीही नसलेला. रशियाचे झार ही बिरुदावली अभिमानाने लावत. १९०६ च्या मूलभूत कायद्यांतून ‘अमर्याद’ हा शब्द गेला, ‘ऑटोक्रॅटिक’ मात्र राहिला. हुंता हा मूळचा स्पॅनिश शब्द, अर्थ साधा: मंडळ. आता तो मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांच्या टोळीसाठी वापरतात.

टोटॅलिटेरियन. १९२३ मध्ये इटलीत अमेंडोला या विरोधी नेत्याने फॅसिस्टांवर टीका करताना हा शब्द वापरला. १९२५ मध्ये मुसोलिनीने तोच गौरवाने उचलला. मराठीत ‘सर्वंकष’ रूढ झाला आहे, पण आपण ‘सर्वंकष विचार’ही म्हणतो, आणि तिथे ते कौतुक असते. त्यामुळे शब्दातली दहशत हरवते. ती बघायची तर कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या रुमानियात जावे. १९८३ च्या फर्मानानुसार तिथे घरातल्या टाइपरायटरचीही पोलिसांत नोंद करावी लागे आणि त्याच्या अक्षरांचा नमुना द्यावा लागे. निनावी पत्रक कुठल्या घरातून निघाले ते ओळखता यावे, यासाठी.

ऑथॉरिटेरियन. १९६४ मध्ये राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनचा अभ्यास करून हा प्रकार वेगळा काढला. इथे राज्याला तुमचे मन नको असते, तुम्ही गप्प बसलात तरी पुरते. चर्च, जमीनदार, व्यापारी यांना थोडी मोकळीक असते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारही याच वर्गात मोडतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पण हाच सालाझार गोव्यातून पाहिला तर? तिथे लग्नपत्रिका छापायची तरी मजकूर आधी सेन्सॉरकडे न्यावा लागे. मुलीचे लग्न ठरलेला बाप तारीख, मुहूर्त आणि आप्तांची नावे घेऊन सरकारी शिक्क्याची वाट पाहत असे. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, ती याच राजवटीची. लिस्बनच्या मानाने ठरवलेला वर्ग मडगावच्या माणसाला लावताना म्हणूनच अडखळायला होते. त्याच्यावर राज्य करणारा डेस्पॉटच होता, अगदी जुन्या ग्रीक अर्थाने.