फेंटानिलवर अमेरिकेत बंदी? नेमकं काय झालं

‘अमेरिकेने फेंटानिलवर कायमची बंदी घातली, आता रुग्णालयातही ते मिळणार नाही,’ हा समज अजून फिरतोय. फेंटानिल हे तीव्र वेदनेवरचं औषध, पण नशेसाठी त्याची तस्करीही होते. घरात कॅन्सरचा रुग्ण असलेल्या कुणालाही हा मेसेज वाचून धडकी भरेल, म्हणून स्पष्ट सांगते: हे खरं नाही.

१६ जुलै २०२५ रोजी ‘हॉल्ट फेंटानिल’ कायद्यावर सही झाली. त्याने पहिल्या अनुसूचीत, म्हणजे औषध म्हणून मान्यता नसलेल्या पदार्थांच्या अमेरिकी यादीत, कायमचे टाकले ते फेंटानिलचे भाऊबंद, म्हणजे त्याच्याशी मिळतीजुळती रचना असलेले पदार्थ. मूळ रेणूत एखादा अणुगट इकडचा तिकडे केला की कागदोपत्री ‘नवा’ पदार्थ तयार होतो. बंदी एका रेणूवर आली की तस्कर दुसरा बनवायचे आणि कायदा कायम एक पाऊल मागे राहायचा. म्हणून फेब्रुवारी २०१८मध्ये या अख्ख्या कुळावरच तात्पुरती बंदी आली. तिला अमेरिकेची संसद (काँग्रेस) पुन्हा पुन्हा मुदतवाढ देत राहिली. आता ती कायम झाली, एवढंच.

खुद्द फेंटानिल मात्र होतं तिथेच, दुसऱ्या अनुसूचीत आहे. म्हणजे नियंत्रण कडक, पण औषध म्हणून मान्यता कायम. शस्त्रक्रियेतली भूल, कॅन्सरच्या वेदनेवर त्वचेला चिकटवायचा पॅच, सगळं चालू आहे.

भारतातही २०१४च्या दुरुस्तीनंतर एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली ‘अत्यावश्यक’ ठरवलेल्या अमली औषधांत मॉर्फिनसोबत फेंटानिल आहे. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेला पॅच असल्या मेसेजमुळे घाबरून काढू नका. शंका असेल तर त्यांनाच विचारा.