मोरॅटोरियम आणि व्याजमाफी: अर्धवेळ शिक्षणाचं कर्ज घेताना, बाळ येणार असताना

“रजेवर असताना काही भरायचं नाही” हे वाक्य कर्ज देणाऱ्याच्या तोंडून आलं की त्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, हप्ता भरायचा नाही, पण व्याज चढत राहणार. दुसरा, त्या काळाचं व्याजच लागणार नाही. पहिला मोरॅटोरियम, दुसरी व्याजमाफी. रजेत दोन्ही सारखेच वाटतात, कारण खात्यातून पैसे कशातच जात नाहीत. फरक कळतो तो हप्ता पुन्हा सुरू होतो तेव्हा.

मोरॅटोरियम सर्रास मिळतो. व्याजमाफी क्वचित, कारण माफ झालेलं व्याज कुणाला तरी सोसावं लागतं, आणि तो कुणीतरी बहुधा सरकार असतो. अमेरिकेतल्या सरकारी शैक्षणिक कर्जात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. ‘सब्सिडाइज्ड’ कर्जात गरजू पदवी-विद्यार्थी किमान अर्धवेळ शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं. ‘अनसब्सिडाइज्ड’ कर्जात शिकत असताना हप्ता नसतोच, पण पैसे हातात आल्यापासून व्याज लागतं. एकाच विद्यार्थिनीच्या नावावर दोन्ही कर्जं असू शकतात, आणि तिला वाटत असतं की दोन्ही ‘थांबलेली’ आहेत.

आता आकडे. कर्ज 1,00,000, व्याज वर्षाला 12 टक्के म्हणजे महिन्याला 1, फेड 36 हप्त्यांत. अर्धवेळ कोर्स दोन वर्षांचा, मध्ये बाळंतपणाचा सहा महिन्यांचा खंड, म्हणजे एकूण 30 महिने. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरू. पूर्ण व्याजमाफी असेल तर नंतरचा हप्ता सुमारे 3,321. मोरॅटोरियम असेल, पण व्याज सरळव्याजाने मोजून शेवटी एकदाच मुद्दलात मिळवत असतील, तर मुद्दल 1,30,000 आणि हप्ता 4,318. दर महिन्याला मिळवत असतील तर मुद्दल 1,34,785 आणि हप्ता 4,477. म्हणजे माफीच्या तुलनेत 36 महिन्यांत जवळपास 41,600 जास्त. अर्धवेळ शिक्षणात हा फटका मोठा बसतो तो एवढ्याचसाठी की कोर्सच लांबलचक असतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याचं व्याज साठायला जितका वेळ मिळतो त्याच्या साधारण दुप्पट इथे मिळतो.

म्हणून मंजुरीपत्र हातात आल्यावर व्याजदराआधी एक ओळ शोधा: व्याज मुद्दलात कधी मिळवणार? दर महिन्याला, वर्षाला, की मोरॅटोरियम संपल्यावर एकदाच? ही ओळ सापडत नसेल तर लेखी विचारा. तोंडी उत्तर नंतर कुणाला आठवत नाही.

पगार चालू असेल तर सगळा मोरॅटोरियम वापरायची गरजही नसते; फक्त व्याज भरत राहता येतं, पण हे फार कमी जण करतात. वरच्याच उदाहरणात पगाराच्या महिन्यांत फक्त व्याज, म्हणजे सुरुवातीला महिन्याला 1,000, भरत राहिलं आणि रजेचे सहा महिनेच पूर्ण सोडले, तर मुद्दल वाढून 1,06,152 होतं. रजेनंतरचं व्याज महिन्याला 1,062, आणि शेवटी हप्ता 3,526. मोरॅटोरियमचा खरा उपयोग हाच: उत्पन्न तुटेल तेवढेच महिने. आधी मात्र विचारून घ्या की मोरॅटोरियममध्ये आलेले पैसे व्याजात जमा होतील की पुढच्या हप्त्यापोटी आगाऊ म्हणून पडून राहतील. दुसरं झालं तर फायदा शून्य.

हप्ते आधीच सुरू असतील तर गणित थोडं वेगळं. 36 पैकी 12 हप्ते भरून झाले, बाकी 70,558. सहा महिने थांबलात की ती 74,899 होते. हप्ता तोच ठेवला तर कर्ज सहा नव्हे, आठ महिने पुढे सरकतं. मुदत 24 महिनेच ठेवायची तर हप्ता 3,321 वरून 3,526. यातलं काय होणार हे देणारा स्वतःच ठरवून टाकतो, आपण विचारलं नाही तर.

दुसरी गफलत ‘शिकत आहे’ या शब्दांत असते. शिक्षणाशी बांधलेला मोरॅटोरियम गर्भारपण ओळखत नाही, तो नावनोंदणी ओळखतो. सत्राला नुसतं गेलं नाही, फी भरली नाही, की कागदावर कोर्स सोडला असं होतं आणि हप्त्याचं घड्याळ सुरू होतं. अमेरिकेत अर्धवेळेच्या खाली आल्यावर साधारण सहा महिन्यांची सवलत असते. संस्थेने मंजूर केलेली रजा 12 महिन्यांत 180 दिवसांपर्यंत असेल तर कोर्स सोडला असं धरत नाहीत. इंग्लंडमध्ये परतफेड उत्पन्नावर असते. ठरलेल्या मर्यादेखाली पगार गेला की वसुली आपोआप थांबते, व्याज नाही. म्हणजे तोही मोरॅटोरियमचाच चुलतभाऊ.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी संस्थेकडून खंडाचं पत्र, त्यावर सुरुवातीची आणि परत येण्याची तारीख. मग त्या पत्रासकट कर्ज देणाऱ्याकडे अर्ज, रजेच्या सहा-आठ आठवडे आधी. डॉक्टरांनी दिलेली तारीख 40 आठवड्यांवरून काढलेला अंदाज असतो, तेव्हा मोरॅटोरियमची सुरुवात तिच्या किमान महिनाभर आधीची मागा. मंजुरी लेखी येईपर्यंत हप्त्यापुरती रक्कम खात्यात ठेवा, कारण ऑटो डेबिट अर्ज वाचत नाही. मंजुरीआधी चुकलेला हप्ता थकबाकी म्हणूनच नोंदला जातो. सहकर्जदार असेल तर त्याची सहीही बहुतेक ठिकाणी लागते, आणि ती नेमकी अडून बसते.

रक्कम सत्रागणिक मिळत असेल तर खंड पडणाऱ्या सत्राची रक्कम उचलूच नका. व्याज उचललेल्या पैशावरच लागतं. एकदा फी संस्थेकडे गेली आणि परताव्याची शेवटची तारीख उलटली, की सत्र वाया गेलं तरी कर्ज तसंच उभं राहतं.

किती महिने मागायचे हे रजेच्या लांबीवरून नको, उत्पन्नावरून ठरवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 सालच्या मातृत्व संरक्षण कराराने किमान 14 आठवड्यांची रजा आणि, भत्ता पगारावरून ठरत असेल तिथे, आधीच्या कमाईच्या किमान दोन तृतीयांश रक्कम ठरवली आहे; अनेक देशांत मिळतं याहून जास्त, काही ठिकाणी कमी. दोन तृतीयांश मिळणार असतील तर त्यातून 1,000 व्याज निघतं का, ते कागदावर मांडून बघा. निघत असेल तर पूर्ण मोरॅटोरियमऐवजी ‘फक्त व्याज’ असा अर्ज करा. तो वेगळा फॉर्म असतो, आणि सहसा मागितल्याशिवाय कुणी पुढे करत नाही.