एएलपी यकृताचा की हाडांचा? मांजरांच्या थायरॉइड विकारामागची पार्श्वभूमी

उतारवयातील मांजर भरपूर खाऊनही वाळू लागले आणि रक्ताच्या अहवालात यकृताशी जोडली जाणारी एसजीपीटी व अल्कलाइन फॉस्फेटेज (एएलपी) ही एन्झाइम वाढलेली दिसली, तर आज पशुवैद्य यकृतावर औषध सुरू करण्याआधी थायरॉइडच्या संप्रेरकाची, म्हणजे टी-4 ची, चाचणी सांगतात. हा क्रम फार जुना नाही. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधील मार्क पीटरसन व सहकाऱ्यांनी 1979 मध्ये आणि बॉस्टनमधील जीन हॉल्झवर्थ यांच्या गटाने 1980 मध्ये वर्णन करेपर्यंत अतिक्रियाशील थायरॉइड हा मांजरांचा स्वतंत्र आजार म्हणून पशुवैद्यकाला परिचित नव्हता. पीटरसन यांनी 1983 मध्ये 131 मांजरांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील अनेकांच्या रक्तात ही एन्झाइम वाढलेली होती.

साहजिकच बोट यकृताकडे गेले. परंतु अशा मांजरांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता आढळणारे बदल बहुधा किरकोळ आणि अविशिष्ट असत. वाढलेला चयापचय, ऑक्सिजनची ओढाताण, कुपोषण, हृदयावरचा ताण आणि संप्रेरकाचा थेट परिणाम अशी अनेक कारणे सुचवली गेली, पण त्यांपैकी एकावरच सारा भार टाकता येत नाही.

एएलपीचे कोडे तर यकृतापुरते नव्हतेच. रॉबर्ट रॉबिसन यांनी 1923 मध्ये लंडनमध्ये या एन्झाइमकडे लक्ष वेधले ते वाढत्या हाडांच्या अभ्यासातून, आणि थायरॉइडच्या अतिरेकाने माणसाची हाडे झिजतात हे तर फॉन रेकलिंगहाउझेन यांनी 1891 मध्येच नोंदवले होते. इतके असूनही मांजराच्या अहवालातील एएलपी दीर्घकाळ केवळ यकृताच्या खाती मांडला गेला, हे थोडे नवलाचेच. 1990 च्या दशकात एएलपीची निरनिराळी रूपे वेगळी करून मोजली गेली, तेव्हा या मांजरांत यकृताबरोबरच हाडांचे रूपही वाढलेले आढळले. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यात हाडांचे एएलपी वाढते, त्याचा अर्थ हाडांची झीज आणि पुनर्बांधणी वेगाने चालू आहे असा होतो. त्याच काळात ऑस्टिओकॅल्सिन या हाडांच्या प्रथिनाच्या मोजमापातूनही अनेक मांजरांबाबत त्याच दिशेचा पुरावा मिळाला.

येथे मांजराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. कुत्र्याच्या रक्तात यकृताचे एएलपी निम्मे होण्यास सुमारे तीन दिवस लागतात, तर मांजरात जेमतेम सहा तास. शिवाय स्टेरॉइडमुळे वाढणारे, कुत्र्यात सर्रास आढळणारे एएलपीचे रूप मांजरात नसते. म्हणून कुत्र्यात दुर्लक्षिली जाईल एवढी वाढही मांजरात अर्थपूर्ण ठरते.

थायरॉइड ताब्यात आले की ही एन्झाइम बहुधा आपोआप खाली येतात. किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारानंतर केलेल्या पाठपुराव्यात हे दिसले, आणि उपचारापूर्वीही यकृताचे काम तपासणाऱ्या पित्ताम्लांसारख्या चाचण्या बहुतेक ठीकच असल्याचे आढळले. म्हणजे एन्झाइम वाढलेली असली तरी यकृताचे काम ढासळलेले नव्हते. थायरॉइड आटोक्यात ठेवणाऱ्या मेथिमाझोलच्या गोळ्यांवर असलेल्या मांजरात मात्र वेगळी सावधगिरी लागते, कारण क्वचित हे औषधच यकृताला बाधते. टी-4 उतरत असताना एसजीपीटी चढू लागला, तर संशय औषधावर घ्यावा लागतो. आणि तो घेता यावा म्हणून पहिली गोळी देण्यापूर्वीचा आकडा हाताशी असणे आवश्यक असते.